वहिनींच्या दारातला दिवा

संदीपचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "मिलिंददादा, आई गेली... जेवली, आडवी झाली, ती उठलीच नाही." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या ए विंगच्या चौथ्या मजल्याची लॉबी दिसते. सवयीनं मी आधी तिकडे बघितलं. वहिनींच्या दारातला दिवा बंद होता. माणूस गेलेल्या घरात दिवा लावायचं कोणाच्या लक्षात राहणार, असं माझी बायको सुजाता म्हणाली. तो दिवा वहिनी गेल्या म्हणून बंद नव्हता. त्याआधीच काही दिवस त्यांनी स्वतः तो लावायचं थांबवलं होतं, आणि का थांबवलं ते मला माहीत होतं. कारण ज्या बातमीनं ते घडलं, ती त्यांच्यापर्यंत मीच नेली होती.

सुनंदा राणे हे त्यांचं नाव. भोईवाड्यातल्या आमच्या काशीबाई चाळीत लहानथोर सगळे त्यांना वहिनी म्हणत, आणि त्या समोर नसल्या की पुरुषमंडळी "राणीसाहेब" म्हणत. त्यांनी चाळीत कुठलंही पद कधी घेतलं नाही. समितीच्या एकाही ठरावावर त्यांची सही नाही. मी इतकी वर्षं चिटणीस आहे म्हणून हे खात्रीनं सांगतो. तरी आज आम्ही सगळे ज्या घरांत राहतो, ती त्यांच्यामुळे उभी आहेत. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते लिहून ठेवावं असं गेले काही आठवडे वाटत होतं.

त्यांचे यजमान अण्णा राणे चाळीच्या समितीचे अध्यक्ष. गिरणीत असताना युनियनमध्ये वावरलेले, आवाज मोठा, मन मऊ. चौकात उभे राहून बोलायचे आणि बोलता बोलता एकदा तरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे नजर टाकायचे. तिथे वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्यांनी मान वर केली तर अण्णा पुढे बोलत, नाही केली तर विषय बदलत. आम्ही मुलं हे बघून हसायचो. आम्ही म्हणजे मागच्या रांगेतली. मुख्य चाळ चौकाभोवती तीन मजली, आणि तिच्या पाठीमागे एका बोळातून गेलं की बारा बैठ्या खोल्या. त्यात सगळी आमची बौद्ध कुटुंबं. भाडं आम्हीही भरायचो, पण आमच्या पावत्यांवर चाळीचं नाव नव्हतं, "मागील शेड" असं लिहिलेलं असे. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक बोळातून निघून पुढच्या चौकात यायची, अण्णा तसबिरीला हार घालायचे आणि मग मिरवणूक मोठ्या गेटातून रस्त्यावर जायची. हार वहिनींनी आणून ठेवलेला असे. त्या स्वतः खाली येत नसत. माझ्या आईला त्याचा राग यायचा. "हार पाठवायचा, पाय नाही पाठवायचा," असं ती म्हणे.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, "बरं". बोलायचं काहीही असो, तोंडातून "बरं" एवढंच यायचं. नवा अध्यक्ष निवडावा अशी कुजबुज सुरू झाली. त्याच आठवड्यात वहिनींनी अण्णांची लाकडी आरामखुर्ची पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जिन्यापाशी आणून ठेवली, अण्णांना तिच्यात बसवलं, आणि निरोप पाठवला की रविवारची मीटिंग नेहमीसारखी होईल. मीटिंगला त्या खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. कोणी काही विचारलं की वाकून अण्णांच्या तोंडाशी कान न्यायच्या. अण्णा "बरं" म्हणायचे. मग वहिनी सरळ उभ्या राहून सांगायच्या, "अण्णा म्हणतात..." तिसऱ्या मजल्यावरचे परुळेकर एकदा खालून म्हणाले होते, "अण्णांचा शब्द एक, आणि वहिनींचं भाषांतर पानभर!" सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि म्हणाल्या, "परुळेकरांनू, तुमी पानभर बोलतास त्याचा एका शब्दात करून दाखवू काय?" परत त्या वाटेला परुळेकर गेले नाहीत.

त्या पहिल्याच रविवारच्या मीटिंगमध्ये दिव्यांची पद्धत सुरू झाली. तोपर्यंत ठराव हात वर करून पास व्हायचे, आणि हात वर करायला चौकात पुरुषच असायचे. बायका वर, आपापल्या दारात. वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळचे खालचे हात अण्णांना दिसत नाहीत. ज्यांना मान्य असेल त्यांनी दारातला दिवा लावा." कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आजारी माणसाची सोय, एवढंच. दारातल्या दिव्याचं बटण घराच्या आत असतं, आणि संध्याकाळी त्या बटणापाशी बाई असते. हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. परुळेकरांच्या लक्षात यायला आणखी. एकदा ठरावावर त्यांनी खालून ओरडून सांगितलं, "अगो, लाव गो दिवो!" वरून उत्तर आलं, "तुमीच येवन लावा!" ते जिना चढेपर्यंत मोजणी संपली होती.

मागच्या रांगेचे दिवे चौकातून दिसत नसत. म्हणून आमच्यापैकी एकानं बोळाच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभं राहायचं आणि किती घरं राजी ते ओरडून सांगायचं, असं ठरलं. बहुतेक वेळा तो मी असे. विम्याच्या ऑफिसात नोकरी, आकड्यांत चूक करत नाही, असा माझा थोडा लौकिक होता. चिटणीसाची जागा रिकामी झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अण्णा म्हणतात, मिलिंद नीट मोजतो. चिटणीस तोच." मागच्या रांगेतला माणूस समितीवर कधी नव्हता. मी खुर्चीकडे बघितलं. अण्णांचे डोळे मिटलेले होते. मला आजही वाटतं, ते झोपले होते.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, आणि कौतुक म्हणूनही नाही. वहिनी दुसऱ्याच्या नावानं राज्य करत होत्या, आणि दुसऱ्याच्या नावानं चालवलेल्या कारभारात माणूस कोणालाच जाब देत नाही. त्या कठोर बोलत. एखादं कुटुंब समितीचं ऐकत नसेल तर महिना महिना त्याच्याशी बोलणं बंद ठेवत आणि इतरांकडून ठेवून घेत. माझ्या घरी त्या किती वेळा तरी आल्या, ठरावाचे मसुदे माझ्याकडून वाचून घेतले, पण पाण्याचा घोट घेतला नाही. एकदा सुजातानं सरळ विचारलं, "वहिनी, आमच्याकडचा चहा चालत नाही का?" त्या म्हणाल्या, "एकाकडे घेतला की सगळ्यांकडे घ्यावा लागतो गो. मग कोण माझं आणि कोण परकं ते लोक कपावरून मोजतात." उत्तर पटण्यासारखं होतं. सुजाताला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नव्हतं.

अण्णा गेले तेव्हा पुनर्विकासाची बोलणी ऐन भरात आली होती. चाळीनं संदीपला अध्यक्ष केलं. एकुलता मुलगा, मर्चंट नेव्हीत, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. म्हणजे पुन्हा खुर्ची रिकामी आणि तिच्यामागे वहिनी. फक्त "अण्णा म्हणतात" जाऊन "संदीपचा फोन होता" एवढाच बदल झाला. बिल्डरशी त्याच बोलत. त्याची माणसं आली की त्यांना चौकात उभं ठेवत आणि स्वतः गॅलरीतून बोलत. दोन वर्षांत त्यांनी त्याच्याकडून बरंच काही कबूल करून घेतलं. एका मुद्द्यावर तो हलत नव्हता. नकाशात मागची रांग नव्हती. आमच्या पावत्यांवरचा "मागील शेड" हा शब्द त्यानं उचलला होता. बारा कुटुंबांना लांब कुठेतरी उपनगरात खोल्या द्यायच्या, आणि आमची वाचलेली जागा मुख्य चाळीच्या घरांना वाटून द्यायची, असं त्याचं म्हणणं. मुख्य चाळीला हे कसं वाटलं असेल ते सांगायला नको. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. पण बोळाच्या तोंडाशी आमचा माणूस उभा राहिला की चौकातलं बोलणं थांबू लागलं.

अशात संदीप सुट्टीवर आला. तो वाईट मुलगा नव्हता, नाही. त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण त्या दिवसांत ती मला ऐकवत नव्हती. चाळीला टेकू लावलेले होते. तो येण्याआधी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा एक तुकडा खाली आला होता. सुदैवानं चौकात कोणी नव्हतं. तो उतरल्या उतरल्या तो तुकडा बघायला गेला, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीत मला बोलावणं आलं. वहिनी मोरीपाशी पाटावर बसल्या होत्या.

"आई, मी सही करतोय," तो म्हणाला. "मागच्यांना कुठेतरी घर मिळतंय ना? रस्त्यावर नाही येणार कोणी. आणखी एक पावसाळा ही इमारत काढणार नाही."

"मिलिंद बसलाय हंय," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच त्याच्यासमोर बोलतोय. पाठीमागे नाही बोलत."

"तू बोटीवर असतंस. गॅलरी पडली तेव्हा तू खंय होतंस?"

"तेच सांगतोय ना! पुढच्या वेळी पडेल तेव्हा खाली कोणीतरी असेल. तू असशील. मग काय, ठराव करणार?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "मिलिंद, मागची जागा वाटली तर पुढच्या एकेका घराला किती येते?" मी म्हणालो, करून सांगतो. "खरी सांग. कमी करून सांगू नको. माका खोट्याचा काय करूचा हा?" मी घरी जाऊन नकाशातली मापं घेतली, जिने, गॅलऱ्या, मोकळी जागा वजा केली, भागाकार केला. उत्तर मोठं आलं असतं तर पुढच्यांना दोष देणं मलाच कठीण गेलं असतं. उत्तर आलं पंधरा चौरस फूट. मी तीनदा करून बघितलं आणि तसंच जाऊन सांगितलं. वहिनींनी पंधरा फूट म्हणजे किती ते विचारलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणालो, "ही तुमची मोरी आहे ना, एवढी."

रविवारी संध्याकाळी मीटिंग झाली. संदीप चौकात उभा होता, अध्यक्ष म्हणून. बिल्डरचा माणूस त्याच्या शेजारी. मुख्य चाळीतली माणसं नेहमीपेक्षा जास्त, आणि मागच्या रांगेतले आम्ही बोळाच्या तोंडाशी एकमेकांना चिकटून. माझी आई तेव्हा होती. तिला मी घरात थांब म्हणालो होतो, ती थांबली नाही. संदीपनं टेकूंबद्दल सांगितलं, पावसाबद्दल सांगितलं, चांगलं बोलला. शेवटी म्हणाला, "विषय मागच्या खोल्यांचा आहे, म्हणून त्यांनी मत द्यायचं नाही. आज बॅटरी नको. ज्यांना करार मान्य आहे त्यांनी दिवे लावा."

वर, खुर्चीच्या मागे वहिनी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी. दिवे लागायच्या आधी त्या एवढंच बोलल्या, "मिलिंदान हिशेब केलो हा. एका घराक एक मोरी वाढता. बारा घरां जातत." आवाज चढवला नाही. "अण्णा म्हणतात" म्हणाल्या नाहीत, संदीपचंही नाव घेतलं नाही. पहिल्यांदाच त्या स्वतःच्या तोंडानं बोलत होत्या.

तिसऱ्या मजल्यावर एक दिवा लागला. मग त्याच्या बाजूचा. मग दुसऱ्या मजल्यावर चार-पाच एकदम. चिटणीस म्हणून मोजणं माझं काम होतं. स्वतःचं घर जाताना मोजायचं म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकलो. निम्म्याच्या जवळ आलो आणि आईनं माझा दंड धरला. पुढे दिवा लागेना. सगळ्यांच्या माना पहिल्या मजल्याकडे वळल्या होत्या. राण्यांच्या खोलीचा दिवा बंद होता. संदीपनं वर बघितलं. "आई, दिवा लाव." वहिनी हलल्या नाहीत. "आई... लोक बघताहेत." त्या म्हणाल्या, "बघू देत. म्हणान तर बंद ठेवलंय."

आधी विझला तो परुळेकरांचा दिवा. आतून परुळेकर काकूंचा आवाज सगळ्या चौकाला ऐकू आला, "मोरी हा आमका, दुसरी नको." कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक दिवा जायला लागला, आणि थोड्या वेळात चाळीवर एवढा अंधार झाला की मला माझी वही दिसेना. ठराव नामंजूर, असं मी अंधारातच सांगितलं. अंधाराला डोळे सरावल्यावर वर बघितलं तर वहिनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. खुर्ची हलत होती.

संदीप सुट्टी संपायच्या आधीच निघून गेला. भर चौकात आईनं त्याला खोटं पाडलं होतं. पुढचं वर्षभर त्याचे फोन आले ते माझ्याकडे, "आई बरी आहे ना" एवढं विचारायला. तो पावसाळा चाळीनं टेकूंवर काढला. जोराचा पाऊस लागला की वहिनी हातात काठी घेऊन एकेक टेकू ठोकून बघत फिरायच्या. काही पडलं असतं तर दोष त्यांच्यावर आला असता, आणि त्यांना ते माहीत होतं. काही पडलं नाही. हे कर्तृत्व नव्हतं, नशीब होतं, असं त्या स्वतः म्हणत. दिवाळीनंतर बिल्डर नवा नकाशा घेऊन आला. मागच्या बारा घरांसाठी वेगळी छोटी बी विंग, मागच्याच बाजूला. मी नाराज होतो. "पुन्हा मागेच, वहिनी?" त्या म्हणाल्या, "मागे तर मागे. पण गेट एकच. एवढं मी लिहून घेतलंय. मिरवणूक मोठ्या गेटातनंच जाईल."

नव्या घराच्या चाव्या मिळाल्या त्या दिवशी त्यांनी अण्णांची खुर्ची संदीपच्या हॉलमध्ये ठेवली आणि सांगितलं, "आता तुझं तू बघ." मायलेक तोवर बोलू लागले होते. जपून, पण बोलत होते. पुढच्याच आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या, कोचावर बसल्या आणि सुजाताला म्हणाल्या, "आता मी कोणी नाही. दे चहा." सुजातानं केला. त्या तो सगळा प्यायल्या आणि साखर कमी आहे म्हणाल्या.

कारभार सोडला तरी दिवा सोडला नाही. टॉवरच्या लॉबीत सोसायटीचे दिवे आपोआप लागतात, घराबाहेर स्वतःची वायर काढायला बंदी आहे. वहिनींनी वायरमन बोलावून दाराबाहेर जुना पितळी होल्डर बसवला, बटण आत. नियम म्हणून मी नोटीस दिली. ती घडी करून त्यांनी मला परत दिली. "पोचली. दिवा राहील." रोज संध्याकाळी तो लागायचा. सोसायटीत काही त्यांच्या मनाविरुद्ध घडलं की त्या दिवशी लागायचा नाही, आणि जुनी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांना विचारायची, "आज वहिनींचा दिवा नाही, काय झालं रे?" संदीप बोट सोडून आता अध्यक्ष म्हणून इथेच आहे. तो हसायचा. म्हणायचा, "घरात विरोधी पक्ष आहे माझ्या."

शेवटचा विषय भिंतीचा. नव्यानं फ्लॅट घेतलेल्यांनी सुरक्षेच्या नावाखाली अर्ज दिला की ए आणि बी विंगच्या मध्ये भिंत घालावी आणि बी विंगला मागच्या गल्लीतून वेगळं गेट द्यावं. आमच्या जुन्या चाळीतल्या काही जणांनीही त्यावर सह्या केल्या. संदीपनं विषय अजेंड्यावर घेतला. अर्ज आला तर घ्यावाच लागतो, हे त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी मीटिंगची नोटीस घेऊन वहिनींकडे गेलो. डोळ्यांनी त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली.

"संदीपचं मत काय?" त्यांनी विचारलं.

"त्यानं सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"मी पण नाही विचारणार," त्या म्हणाल्या. माझ्या हातातली नोटीस घेऊन तिची घडी करत म्हणाल्या, "चाळीत सगळ्यांसमोर त्याला पाडला मी. परत नाय पाडूचा. आता त्याचा त्यानं बघूचा." मी निघताना त्यांनी मला दार ओढून घ्यायला सांगितलं. त्या संध्याकाळपासून दिवा लागला नाही. आठवडा उलटायच्या आत त्या गेल्या. मीटिंग पुढे ढकलली.

तेराव्याला संदीपकडे गर्दी होती. त्याची आत्या गावाहून आली होती. संध्याकाळ झाली तशी ती म्हणाली, "अरे, दारात उजेड नाय? बटण खंय हा?" आणि उठून दाराकडे गेली. मी तिथेच, दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. संदीप समोर पाहुण्यांना पाणी देत होता. हातातला तांब्या खाली ठेवून तो दारापाशी आला आणि त्यानं बटणावर हात ठेवला, आत्याला लावता येऊ नये असा.

"आत्या, तो राहू दे."

"असो कसो राहू दे? दिवस झाले रे आता."

"आईनं बंद ठेवलाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मिलिंददादा, मीटिंग कधी लावायची?"

मीटिंग येत्या रविवारी आहे. हे लिहिताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं. चौथ्या मजल्यावर लॉबीचे पांढरे दिवे लागले आहेत, आणि राण्यांच्या दारातला पितळी होल्डर काळोखात आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर परुळेकर काकू राहतात. त्यांनीही गेल्या वर्षी दाराबाहेर तसाच दिवा बसवून घेतला होता. आज तोही बंद आहे.